आडनावावरून कूळ कळत नाही: एन्टेरोव्हायरसांची नाती स्वतः लावून पाहण्याची रीत

पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीकडे शाळांमधून दोन आजार हमखास फिरतात. एक म्हणजे डोळे येणं. दुसरा म्हणजे लहान मुलांच्या तळहातावर, तळपायावर आणि तोंडात उठणारे फोड, ज्याला डॉक्टर एचएफएमडी म्हणतात. एका श्रावणात शेजारच्या घरी थोरल्याचे डोळे आले आणि त्याच आठवड्यात धाकटीला फोड उठले. त्यांच्या आजीने मला पडवीतच गाठलं. "सर, तुम्ही मुलांना जंतूंचं शिकवता ना? हा एकच जंतू दोघांना दोन तऱ्हांनी लागला, की जंतूच वेगळे?"

दोन्ही आजारांमागे एन्टेरोव्हायरस असू शकतात. एन्टेरोव्हायरस ही विषाणूंची एक जात; ए, बी, सी, डी अशा तिच्या प्रजाती, आणि प्रजातीत पुन्हा वेगवेगळे प्रकार. डोळे येण्यामागे अ‍ॅडेनोव्हायरससारखे इतर जंतूही असतात, त्यामुळे तपासणीशिवाय त्या घरापुरतं छातीठोकपणे काही सांगता येत नव्हतं. पण फोड उठवणारे एन्टेरोव्हायरस बहुतेक ए प्रजातीतले असतात, तर डोळे आणणारे दोघे सी आणि डी प्रजातींतले. सी ही पोलिओच्या विषाणूची प्रजाती. हे सांगितल्यावर आजी दचकल्या. "म्हणजे डोळे आणणारा तो पोलिओचा भाऊ?" चुलत भाऊ म्हणा, मी म्हटलं, आणि स्वभाव अगदी निराळा.

ही नाती कशी ठरतात, हे साधा लॅपटॉप आणि इंटरनेट एवढ्यावर कुणालाही करून पाहता येतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना मी ते गेली काही वर्षं करायला लावतो. तीच रीत इथे सविस्तर लिहितो.

आधी नावांचा गुंता

कोकणात आडनावावरून गाव कळतं, कूळ कळत नाही. चार चिपळूणकर एका पंगतीला बसले, तरी त्यांचं देवक एक असेलच असं नाही. एन्टेरोव्हायरसांच्या जुन्या नावांचं नेमकं तसंच आहे. कॉक्सॅकी हे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं एक गाव. १९४८ मध्ये गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी तिथल्या अर्धांग झालेल्या मुलांच्या शौचातून नवा विषाणू काढला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. पुढे असे पुष्कळ सापडले. त्यांचे ए आणि बी गट पडले ते नवजात उंदराच्या पिलांवरून: ज्यांनी पिलांचे स्नायू ढिले पडून ती लुळी झाली ते ए, ज्यांनी पिलांना ताठरून झटके आले ते बी.

मग पेशींच्या संवर्धनात वाढणारे, पण उंदराला काही न करणारे विषाणू मिळू लागले. आतड्यात सापडतात, पेशी मारतात, पण कुठल्या रोगाशी संबंध ते माहीत नाही, म्हणून त्यांना 'अनाथ' ठरवून, या वर्णनातल्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून, इको हे नाव दिलं. उंदरावरची ही वाटणी फार दिवस टिकली नाही. एकाच प्रकारचे काही विषाणू उंदराला आजारी करत, काही करत नसत. शेवटी ६८ पासून पुढे सापडणाऱ्यांना नुसते क्रमांक देण्याचं ठरलं.

पुढे, आणि विशेषतः जनुकक्रम वाचता यायला लागल्यावर, जुन्या वहीत किती खाडाखोड करावी लागली, ते मला फार बोलकं वाटतं. इको २२ आणि २३ हे एन्टेरोव्हायरस नव्हतेच, त्यांची पॅरेकोव्हायरस ही वेगळी जात झाली. इको १० रिओव्हायरसात गेला. इको २८ सर्दीचा राइनोव्हायरस निघाला. एन्टेरोव्हायरस ७२ म्हणजे कावीळ आणणारा हिपॅटायटिस ए, तोही बाहेर पडला. कॉक्सॅकी ए२३ आणि इको ९ एकच ठरले. कॉक्सॅकी ए९ नावाने ए असला तरी नांदतो बी प्रजातीत. राइनोव्हायरस ८७ म्हणून नोंदलेला विषाणू म्हणजे एन्टेरोव्हायरस डी६८च होता. एवढंच कशाला, सगळे राइनोव्हायरस आज एन्टेरोव्हायरस याच जातीत मोडतात.

म्हणून पहिला नियम असा, की नावावरून आणि रोगावरून नातं लावायचं नाही.

पायरी १: कुठल्या पातळीचं नातं हवंय ते ठरवा

या विषाणूचा जनुकसंच म्हणजे साधारण ७,५०० अक्षरांची आरएनएची एकच पट्टी. तिच्यावरून एक लांबलचक प्रथिन तयार होतं आणि मग त्याचे तुकडे पडतात. पट्टीच्या सुरुवातीला सुमारे ७४० अक्षरांचा एक भाग आहे, त्याचं प्रथिन बनत नाही. त्यानंतर पी१, म्हणजे कवचाची चार प्रथिनं: व्हीपी४, व्हीपी२, व्हीपी३, व्हीपी१, याच क्रमाने. मग पी२ आणि पी३, म्हणजे विषाणूची कामाची अवजारं. अगदी शेवटी ३डी, पट्टीची नक्कल काढणारं प्रथिन.

प्रत्येक भाग वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सुरुवातीचा भाग सगळ्या एन्टेरोव्हायरसांत पुष्कळसा सारखा असतो, म्हणून दवाखान्यातली नेहमीची पीसीआर त्याच भागावर बेतलेली असते. तिचा 'एन्टेरोव्हायरस पॉझिटिव्ह' हा निकाल खरा असतो, पण त्यातून प्रकार कळत नाही. त्या भागाचं झाड (कोण कुणाच्या किती जवळचा ते फांद्यांनी दाखवणारी वंशावळीसारखी आकृती) काढलं तर माणसांतल्या ए ते डी या चार प्रजातींचे दोनच गट पडतात: ए आणि बी एकीकडे, सी आणि डी दुसरीकडे. प्रकार ओळखायचा तर व्हीपी१ हवं. कवचाचा बराचसा बाहेरचा भाग त्याचाच, आपल्या शरीरातली प्रतिपिंडं मुख्यतः त्यालाच ओळखतात, आणि त्यामुळे जुन्या रक्तद्रवाच्या चाचणीने ठरलेले प्रकार आणि व्हीपी१ने ठरणारे प्रकार बहुतेक जुळतात. प्रजाती ठरवायला मात्र जवळजवळ सगळं प्रथिन लागतं.

पायरी २: क्रम गोळा करा

अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेची जेनबँक, म्हणजे जनुकक्रमांचा साठा, सगळ्यांना मोफत खुली आहे. नवशिक्याने शंभर क्रम उतरवून घेण्यात अर्थ नाही. दहा-बारा पुरेत, पण नीट निवडलेले. मी मुलांना हे देतो (नोंदक्रमांकातली अक्षरं शोधताना रोमन लिपीत टाका): एन्टेरोव्हायरस ए७१चा मूळ नमुना बीआरसीआर, क्रमांक यू२२५२१. कॉक्सॅकी ए१६चा जी-१०, यू०५८७६. कॉक्सॅकी ए६चा गडुला, एवाय४२१७६४. कॉक्सॅकी बी३साठी एम१६५७२. पोलिओ १चा महोनी, व्ही०११४९, आणि त्याच्या शेजारी लशीतला सेबिन १, एवाय१८४२१९. डोळे आणणाऱ्या कॉक्सॅकी ए२४च्या उपप्रकारासाठी डी९०४५७, आणि डोळेच आणणाऱ्या एन्टेरोव्हायरस डी७०साठी डी००८२०. डी६८चा फर्मन, एवाय४२६५३१. शेवटी राइनोव्हायरस बी१४, के०२१२१. यांच्या जोडीला भारतात मिळालेले दोन-तीन अलीकडचे क्रम स्वतः शोधून घाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने आणि परळच्या हाफकिनच्या आवारातल्या तिच्या मुंबई केंद्राने जमा केलेले क्रम सहज सापडतात.

प्रत्येक क्रम फास्टा स्वरूपात (वर नाव, खाली नुसती अक्षरं अशा साध्या फाइलीत) उतरवा आणि लगेच नाव बदला: प्रकार, नमुना, देश, वर्ष, मध्ये जागा न सोडता. हे कंटाळवाणं काम आज टाळलं, तर पुढे झाडावर नुसते नोंदक्रमांक दिसतील आणि कोण कुठे बसलंय ते कळणार नाही. बरोबर एक वही ठेवा आणि कुठला क्रम कुठून आणला ते तिच्यात लिहा.

एक गोष्ट कडकपणे सांगतो. हे सगळं काम कागदावरच्या अक्षरांचं आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शौचाचे नमुने आणून विषाणू वाढवायला जाऊ नका. त्या नमुन्यात पोलिओचा विषाणू असू शकतो, आणि तो हाताळायचे नियम फार कडक आहेत, ते तसे असायलाच हवेत.

पायरी ३: व्हीपी१ कापून जुळवा

जेनबँकेच्या नोंदीत खाली प्रत्येक प्रथिनाची जागा दिलेली असते. व्हीपी१च्या जागेवर टिचकी मारली की तेवढाच तुकडा मिळतो. त्याची लांबी ९०० अक्षरांच्या आसपास येते: ए७१मध्ये ८९१, पोलिओ १मध्ये ९०६. जुन्या काही नोंदींत ही विभागणी दिलेली नसते. मग जवळच्या प्रकाराचं व्हीपी१ शेजारी ठेवून हद्द शोधावी लागते.

आता मेगा हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि सगळे क्रम त्यात घ्या. जुळवणीसाठी, म्हणजे सगळ्या क्रमांतल्या सारख्या जागा एकाखाली एक आणण्यासाठी, मसल ही पद्धत निवडा, पण अक्षरांची सरळ जुळवणी नको, कोडॉनची घ्या. कोडॉन म्हणजे तीन अक्षरांचा गट, त्यातून एक अमिनो आम्ल ठरतं. सरळ जुळवणीत सॉफ्टवेअर कधीकधी एक-दोन अक्षरांची फट पाडतं आणि पुढची सगळी वाचणी घसरते. कोडॉनच्या जुळवणीत फट नेहमी तीनच्या पटीत पडते. जुळवणी झाली की ती प्रथिनाच्या रूपात बदलून डोळ्यांखालून घाला. मध्येच थांब्याची, म्हणजे प्रथिन तिथेच संपल्याची, खूण दिसली तर काहीतरी चुकलंय.

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. एका वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या झाडावर एक फांदी बाकीच्यांच्या दसपट लांब आली. नवा विषाणू सापडला म्हणून वर्गात आनंद झाला. तो क्रम उलट्या बाजूने वाचलेला होता. मेगात उलटा पूरक क्रम करण्याची सोय आहे, ती वापरली आणि फांदी आपल्या जागी आली. तेव्हापासून जुळवणी प्रथिनात वाचल्याशिवाय मी कुणालाच पुढे जाऊ देत नाही. आणि आमच्याकडे पावसात दिवे कधी जातील याचा नेम नसतो, तेव्हा जुळवणी झाल्या झाल्या फाइल जतन करा.

पायरी ४: झाडाआधी अंतर मोजा

सगळे झाड काढायची घाई करतात. आधी आकडे बघा. मेगात जोडी-जोडीचं अंतर काढा, साधं पी-अंतर, म्हणजे वेगळ्या निघणाऱ्या जागांचं प्रमाण, पुरे. १०० मधून ते टक्क्यांत वजा केलं की साम्य मिळतं.

व्हीपी१मध्ये अक्षरांचं साम्य ७५ टक्के किंवा जास्त आणि अमिनो आम्लांचं ८५ टक्के किंवा जास्त असेल, तर दोघे एकाच प्रकारचे. अक्षरांचं साम्य ७० टक्क्यांखाली गेलं तर प्रकार वेगळे. मधल्या पाच टक्क्यांत प्रश्न लोंबकळत राहतो. तिथे अमिनो आम्लं आणि शेजारच्या इतर प्रकारांशी असलेलं अंतर, दोन्ही पाहून निर्णय घ्यावा लागतो. या मोजमापावर आता नव्या प्रकारांना क्रमांक मिळतात.

तुमच्या तक्त्यात ए७१ आणि कॉक्सॅकी ए१६ यांची जोडी शोधा. साम्य ७५ टक्क्यांखाली येईल. प्रजाती एक, मुलांना येणारे फोडही तेच, तरी प्रकार दोन. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ए७१ कधीकधी मेंदूपर्यंत जातो, तर ए१६चा आजार सहसा आठवड्याभरात आपोआप बरा होतो. २०२२ मध्ये केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून गाजलेला आजार म्हणजे काही नवं संकट नव्हतं. केरळातून ब्रिटनला परतलेल्या दोन मुलांच्या नमुन्यात कॉक्सॅकी ए१६ निघाला.

मग डी७० आणि ए२४ची जोडी बघा. डी७०ची साथ १९६९ मध्ये आफ्रिकेत घानात सुरू झाली आणि १९७१ मध्ये भारतात पसरली. ए२४चा डोळे आणणारा उपप्रकार १९७० मध्ये सिंगापूरला दिसला. रोग तोच, डोळ्यात तसंच रक्त उतरतं, पेशीला चिकटताना दोघेही सियालिक आम्लाचा आधार घेतात. तरी तुमच्या तक्त्यात दोघांमध्ये भलं मोठं अंतर दिसेल, कारण प्रजातीच वेगळ्या. १९७१च्या साथीनंतर मुंबईत काही रुग्णांचे पाय लुळे पडले, ते डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवलं. पाय लुळे पाडणारा म्हणजे पोलिओच, ही समजूतही डी७०ने मोडली.

पायरी ५: पहिलं झाड

प्रजातींमधली नाती पाहायची तर अक्षरांऐवजी अमिनो आम्लं वापरा. कोडॉनचं तिसरं अक्षर इतक्यांदा बदललेलं असतं की लांबच्या नात्यात त्याचा काही उपयोग राहत नाही. एकाच प्रकारातल्या जवळच्या विषाणूंसाठी मात्र अक्षरंच हवीत.

आधी नेबर-जॉइनिंग या पद्धतीने झाड काढा, ते मिनिटभरात होतं. मग मॅक्सिमम लाइकलिहूड या दुसऱ्या पद्धतीने, बूटस्ट्रॅप १,००० ठेवून. फांदीच्या फाट्यावर येणारा आकडा सांगतो, की माहिती पुन्हा पुन्हा ढवळून झाड काढलं तेव्हा शंभरातून किती वेळा तो गट टिकला. ७० च्या वर असेल तर मी त्यावर बोलतो. ४० असेल तर त्या फाट्याबद्दल गप्प राहतो. दोन्ही पद्धतींत मोठे गट तेच आले तर बरं.

झाडाचं मूळ, म्हणजे सगळ्यांचा समान पूर्वज, कुठे ते दाखवण्याचा मोह टाळा. पुष्कळ जण राइनोव्हायरस बाहेरचा समजून त्याच्याकडे मूळ धरतात. पण तो याच जातीतला आहे, बाहेरचा नाही. मूळ न दाखवता झाड ठेवा. फक्त सी प्रजातीचं झाड काढत असाल तर डी मधला एखादा बाहेरचा म्हणून चालेल.

पायरी ६: दुसरं झाड, आणि कलमाची गोष्ट

हा भाग मला सगळ्यात आवडतो. आतापर्यंतची मेहनत कवचावर झाली. आता तीच सगळी कृती ३डी भागावर करा, त्याची लांबी सुमारे १,३८० अक्षरं. दोन्ही झाडं छापून शेजारी-शेजारी ठेवा.

प्रजाती दोन्हीकडे वेगवेगळ्या राहतील. पण एका प्रजातीच्या आत मात्र फांद्यांची अदलाबदल दिसेल. व्हीपी१च्या झाडावर जो ज्याच्या शेजारी होता, तो ३डीच्या झाडावर तिथे नसेल. तुमचं काही चुकलेलं नाही. हा पुनर्संयोग आहे. एकाच पेशीत एका प्रजातीचे दोन विषाणू शिरले, की नक्कल काढणारं प्रथिन एका पट्टीवरून वाचता वाचता मध्येच दुसरीवर उडी मारतं. तयार होणाऱ्या पट्टीचा पुढचा भाग एकाचा, मागचा दुसऱ्याचा.

आपल्याला हे समजणं अवघड नाही, आपण कलमांच्या मुलखातले. खाली रायवळाचा खुंट, वर हापूसची काडी. फळ पाहून तुम्ही हापूस म्हणता, आणि ते बरोबरच आहे, पण मुळाशी रायवळच. व्हीपी१ म्हणजे फळ, प्रकाराचं नाव त्याच्यावरून पडतं. ३डी म्हणजे खुंट. एक फरक मात्र मुलांना नेहमी सांगतो: कलमात दोन झाडांची जनुकं आपापल्या जागी वेगळी राहतात, आणि हापूसची कोय लावली तर त्या खुंटाचा मागमूसही उरत नाही. विषाणूत जोड त्याच एका पट्टीत होते आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांना जाते.

याचं सगळ्यात गंभीर उदाहरण लशीतून निघालेल्या पोलिओचं. तोंडावाटे दिलेल्या लशीतला विषाणू जिथे लसीकरण अपुरं असतं अशा वस्तीत फिरत राहिला, तर बदलत जातो, आणि अनेकदा सी प्रजातीतल्या कॉक्सॅकी विषाणूंचा मागचा भाग घेतो. २०००-०१ मध्ये हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पोलिओ १ची अशी साथ आली. तिचे क्रम जेनबँकेत शोधून तुमच्या दोन्ही झाडांत घाला. व्हीपी१च्या झाडावर ते सेबिन १च्या अगदी जवळ बसतील, ३डीच्या झाडावर त्याला सोडून जातील.

पोलिओचं व्हीपी१ वर्षाला साधारण एक टक्का बदलतं. म्हणून टाइप १ आणि ३मध्ये लशीच्या विषाणूपेक्षा दहा किंवा जास्त अक्षरं वेगळी दिसली, आणि टाइप २मध्ये सहा किंवा जास्त, की तो लशीतून निघून बदललेला विषाणू मानतात. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला, तरी मुंबईत २००१ पासून चालू असलेली सांडपाण्याची तपासणी थांबलेली नाही, त्याचं एक कारण हे. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर घरी वाट बघू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. लक्षणं सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने घेतलेले शौचाचे दोन नमुने थंड राखून प्रयोगशाळेत पोचवावे लागतात. उशीर झाला तर विषाणू हाती लागणं कठीण होतं.

पायरी ७: प्रजातीची खात्री आणि नाव

आता पूर्ण प्रथिनाची तुलना करा. एकाच प्रजातीतल्या दोघांत पी१ भागात अमिनो आम्लं ६० टक्क्यांहून जास्त आणि मागच्या २सी व ३सीडी भागांत ७० टक्क्यांहून जास्त जुळतात. त्याबरोबर आणखी एक खूण पाहतात: पुनर्संयोग आपसात होतो का. माझ्या मते प्रजातीची ही सगळ्यात अर्थपूर्ण खूण, कारण ती आपण आखलेल्या टक्क्यांवर नाही, विषाणूंच्या आपसातल्या व्यवहारावर उभी आहे.

नवीन लेख वाचताना नावं पाहून गोंधळू नका. विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने प्रजातींना आता दोन शब्दांची नावं दिली आहेत. ए म्हणजे एन्टेरोव्हायरस अल्फाकॉक्सॅकी, बी म्हणजे बीटाकॉक्सॅकी, सी म्हणजे कॉक्सॅकीपोल, डी म्हणजे डीकन्जंक्टी. प्रकारांची नावं तीच राहिली. एकूण प्रजाती १५: माणसांतल्या ए ते डी, राइनोव्हायरसांच्या तीन, बाकी गुरं, डुकरं, उंट, माकडं आणि उंदीरवर्गीय प्राण्यांतल्या.

प्रकाराच्या आतही घराणी असतात. ए७१ची घराणी ए पासून जी पर्यंत अक्षरांनी ओळखतात. त्यांतली डी आणि जी ही घराणी भारतात सापडलेल्या विषाणूंवरून पडली.

तुमचा निकाल बरोबर आहे का, हे पाहायला नेदरलँड्सच्या आरआयव्हीएम संस्थेचं एन्टेरोव्हायरस ओळखण्याचं साधन वापरा. त्यात क्रम टाकला की प्रकार सांगतं. पण आधी स्वतःचं उत्तर वहीत लिहा, मग ते उघडा.

झाडाखाली तळटीप लिहाल तेव्हा एवढं असू द्या: कुठला भाग वापरला, किती अक्षरं, जुळवणी कशी केली, झाडाची पद्धत, बूटस्ट्रॅपचा आकडा, क्रम कुठल्या तारखेला उतरवले. आणि ३डीचं झाड काढलं नसेल, तर ही नाती फक्त व्हीपी१ची आहेत, असं स्पष्ट लिहा.